भार कुठे ठेवायचा

हेमालीला चारचौघांची लाज म्हणून नव्हती. केतनच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंगवाले, रंगवाला, पंक्चर काढायला थांबलेले रिक्षावाले असे सगळे बाप्ये उभे असताना ही बाई गोणपाटावर पाठ टेकून सरळ ट्रॉलीखाली शिरली होती. बाहेर फक्त तिचे पाय राहिले होते. पैंजण घातलेले पाय. सखुबाई पत्र्याच्या सावलीत, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून त्या पायांकडे बघत होती आणि पाय काही हलत नव्हते.

"केतन," तिने हाक मारली. "तुझ्याकडं सगल्यांच्या सुना अशाच येतात काय रे गाडी बघाला, का आमचीच तेवढी गुणाची?"

केतन गावातलाच. हातातली वेल्डिंगची काच कपाळावर सरकवून तो हसला. "करू दे ना काकी वहिनीला चेक. बाकीचे तर नुसता कलर बघून घेऊन जातात."

"मग काय वाईट करतात? तुझ्या बायकोनं तरी दुसरं काय बघितलं व्हतं तुझ्यात?"

वर्कशॉपभर हशा पिकला. ट्रॉलीखालूनही हसू ऐकू आलं, त्यामुळे सखुबाई आणखीच भडकली.

"हसतंस काय गो? भायेर निघ. सकाळपासनं एकेका गाडीच्या पोटात शिरतंस. बाळंतपण करतंस काय तिचं?"

"आलेच आई. स्प्रिंगचे पाटे बघते आणि येते."

पाटे बघते. सखुबाईने पदराने मानेवरचा घाम टिपला. वैशाख उतरणीला लागला होता. रस्त्यापलीकडे खारीची जमीन भाजून भेगाळली होती आणि त्यावरून येणाऱ्या वाऱ्याला खाडीचा वास होता.

भांडण म्हटलं तर ट्रॉलीचं होतं, म्हटलं तर नव्हतं. ट्रॅक्टर सखुबाईच्या नावावर. छोटा, तांबडा, मोठ्या ट्रॅक्टरच्या कडेवर बसेल एवढा. घरच्या खारीतल्या भातशेतीसाठी घेतला तेव्हा चालवणार मुलगा, परेश, असंच सगळ्यांनी धरलं होतं. पण परेश बंदरातला कंटेनर घेऊन निघाला की आठवडा आठवडा घरी नसे, आणि त्या आठवड्यांत कधीतरी हेमाली ट्रॅक्टरवर बसली ती बसलीच. थळच्या लॉरीवाल्याची पोर ती. आधी घरची खार, मग शेजाऱ्यांची, मग चौलच्या पाहुण्यांची वाडी. तिथेच दिवेआगरच्या तात्यांनी तिला बघितलं. वादळात तात्यांची सगळी वाडी आडवी झाली होती. नंतर लावलेले माड आणि पोफळी आता कुठे पुरुषभर वर आले होते, आणि त्यांच्या ओळींतून मोठा ट्रॅक्टर फिरत नव्हता. पावसाआधी येऊन माझी आणि शेजारच्या वाड्यांची मशागत करून दे, राहायची सोय आमच्या घरात, असं त्यांनी सांगितलं. आज संध्याकाळपर्यंत हो-नाही कळलं नाही तर ते म्हसळ्याचा माणूस बोलावणार होते. आणि तिथवर ट्रॅक्टर न्यायचा तर तो चढवून घरच्या पिकअपमागे ओढायला ट्रॉली हवी होती.

परेशला फोन केला तर तो म्हणाला, आई म्हणेल तसं. आणि आई म्हणाली होती, "एवढ्या लांब, घाटवळणानं, ट्रॅक्टर पाठीला बांधून बाईमाणूस जाणार. ट्रॉली माझ्या पसंतीची आसंल तर जा. नायतर आपली खार हाय, तिच्यात फिरव."

म्हणून ती आज इथे बसली होती. पसंत करायला.

हेमाली बाहेर आली. ओढणी कंबरेला गुंडाळलेली, पाठीला गंज, गालावर ग्रीसचा फराटा. ती ज्या ट्रॉलीखालून निघाली ती लांबलचक होती, बुटकी, चार चाकांची. रंग म्हणून नुसता तांबडा ऑक्साइड मारलेला. चिखलात बसलेल्या म्हशीसारखी दिसत होती.

"आई, ही घेऊया."

"हिच्यात काय बघितलंस?"

"बसकी आहे. चाकं मागच्या अंगाला आहेत. ट्रॅक्टर पुढेमागे सरकवायला जागा आहे."

"आनि ती?" सखुबाईने बोट दाखवलं.

ती निळी होती. उंच, आटोपशीर, मागच्या फळीवर पिसारा फुलवलेला मोर. कुणीतरी जनरेटर वाहून न्यायला बनवून घेतली होती आणि न्यायला आलाच नव्हता. सखुबाईचं मन तिच्यावर सकाळीच बसलं होतं.

"तिची चाकं पुढे आहेत, आई. भार सगळा मागे जातो."

सखुबाई खुर्चीतून उठली. इतका वेळ ती नुसती चिडलेली होती. आता तिच्या अंगात काहीतरी ताठ झालं.

"मग भार मागंच पायजे," ती म्हणाली. "भार मागं, नाळ हलकी. मना सांगतंस? मीठ भरलंय आमी, मीठ!"

हे मात्र खरं होतं, आणि ते माहीत असलेली माणसं आता वर्कशॉपमध्ये काय, गावातही फारशी उरली नव्हती. धरमतरच्या खाडीत मिठाचे मचवे, शिडाच्या मोठ्या होड्या, लागायचे तेव्हा सखुबाई नवी नवरी होती. गुडघाभर चिखलातून बायकांची रांग डोक्यावर पाट्या घेऊन जायची आणि फळीवरून मचव्यात मीठ ओतायची. तिचा नवरा दिनानाथ त्या मचव्याचा तांडेल, सुकाणू धरणारा. पण पाटी कुठे रिकामी करायची ते सखू सांगायची. पाण्याची रेघ मचव्याच्या अंगावर कशी चढते ते तिला नुसत्या नजरेने कळायचं. पुढे जड झालेला मचवा लाटेत तोंड घालतो. म्हणून थोडा भार सुकाणाकडे जास्त, नाळ म्हणजे पुढचं टोक वर. दिनानाथ हात बांधून बाजूला उभा राहायचा आणि शेवटची पाटी पडली की तिच्याकडे बघून नुसती मान हलवायचा. तिने भरलेला मचवा कधी कलला नाही, त्यातलं मीठ भिजलं नाही.

मग मचवे गेले. मिठागरांत कोळंबीची तळी झाली. दिनानाथही गेला. भार कुठे ठेवायचा हे सखुबाईला विचारायची वेळ पुन्हा कुणावर आली नाही. आज आली होती.

"काकी," केतनने घसा साफ केला, "ती जनरेटरच्या मापाची आहे. ट्रॅक्टर चढेल, पण लोड जो आहे ना, तो..."

"तू पान्यावर कधी भार चढवलायस?"

"नाय."

"मग गप ऱ्हा."

केतनने हेमालीकडे बघितलं. हेमालीने निळ्या ट्रॉलीकडे बघितलं, मग सासूकडे. ती चिंधीने हात पुसत राहिली. हात स्वच्छ झाले तरी पुसत राहिली. सखुबाईला वाटलं, आता ही वाद घालणार. घातला तर बरं, असंही तिला वाटलं, कारण तिची उत्तरं तयार होती.

"ठीक आहे," हेमाली म्हणाली. "निळी जोडूया. ट्रायल घेऊ. पण आई, तुम्ही माझ्या शेजारी बसायचं."

"बसते की. घाबरते काय मी?"

पिकअपच्या मागे निळी ट्रॉली जोडली. हेमालीने ट्रॅक्टर सुरू केला, लोखंडी फळ्यांवरून हळूहळू वर घेतला, आणि पुढची चाकं समोरच्या फळीला टेकली तेव्हा थांबवला. मागे जोडलेला माती फोडायचा जड रोटर ट्रॉलीच्या शेपटाशी मोरावर आला. सगळं वजन मागे. पिकअपचा मागचा भाग उचलल्यासारखा वर आला.

"बघितलंस?" सखुबाई केतनला म्हणाली. "गाडीवरचा भार कसा उतरला बघ. बैलाच्या मानेवरचं जू उचलून धरावं तसा."

केतनने वाकून हूक तपासला. हेमाली साखळ्या आवळत होती. एकेक साखळी ओढायची, बोटाने वाजवून बघायची, पुन्हा ओढायची. निघताना केतन तिच्या खिडकीशी वाकला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "वहिनी, हायवेला नको."

"नाही. कंपनीच्या रस्त्याने जाते."

पोलिसांना घाबरते, सखुबाई मनात म्हणाली, आणि पदर सावरून ऐटीत बसली.

कंपनीचा रस्ता म्हणजे कंपनी न आलेला रस्ता. कुणीतरी कधीतरी मोठा कारखाना घालणार होतं, त्यासाठी खारीत भराव घालून चांगला शेताएवढा रुंद रस्ता बांधला. मग कारखाना आलाच नाही. डांबर तसंच राहिलं. त्यावर आता मिरच्या वाळत, म्हशी बसत, आणि भर दुपारी कुणीही नसे. दोन्हीकडे मोकळी खार, लांबवर बांध, आणि बांधापलीकडे भरतीने काठोकाठ आलेली खाडी चमकत होती.

हेमालीने आधी गाडी चालीने चालवली. मग जरा सोडली.

"चालते की," सखुबाई म्हणाली.

"हो."

"उगा डोकं खाल्लंस सगल्यांचं."

"हो आई."

तिने आणखी थोडी सोडली. पुढे मोरीपाशी रस्त्याला जरासा उतार होता. उतार लागला आणि कुणीतरी मागून गाडीच्या कमरेला हळूच ढकललं.

सखुबाईने मागे वळून बघितलं. काही नव्हतं. मग दुसऱ्या बाजूने ढकललं. पुन्हा पहिल्या बाजूने, आता जास्त जोरात. तिच्या बाजूच्या आरशात ट्रॅक्टर दिसला, नाहीसा झाला. पुन्हा आला, पुन्हा गेला. ट्रॉली रस्ताभर शेपूट हलवत होती आणि तिच्याबरोबर पिकअप डोलत होती. डोलत होती हाच शब्द. सखुबाईच्या अंगाला हे डोलणं ओळखीचं होतं. ओहोटी आणि मागची लाट एकत्र आली की खाडीच्या तोंडाशी मचवा असाच डोलायचा. पण तिथे खाली पाणी असायचं. इथे कोरडं डांबर होतं, आणि कोरड्या डांबरावर समुद्र उठला होता.

"ब्रेक मार!" ती ओरडली. "ब्रेक मार गो!"

हेमालीने ब्रेक मारला नाही.

तिने पाय उचलला तेवढंच. एक्सिलरेटरवरचा पाय उचलून बाजूला ठेवला, जणू कुणाची झोपमोड होऊ नये अशा बेताने. हात स्टीअरिंगवर होते आणि हलत नव्हते. सखुबाईचं सगळं अंग उजवीकडे जात होतं, डावीकडे जात होतं, तिने पुढची दांडी दोन्ही हातांनी धरली होती. आणि शेजारी हे दोन हात, बांगड्या घातलेले, ग्रीसने काळवंडलेले, नुसते स्थिर होते; हेमालीचे डोळे रस्त्याच्या मधल्या रेघेवर होते. गाडी ओढेल तिकडे वळायचं नव्हतं तिला, उलटं वळून झुंजायचंही नव्हतं. ती फक्त सरळ राहिली होती.

"आता ब्रेक मारला तर ट्रॉली फिरून आपल्या पुढे येईल," हेमाली म्हणाली. आवाज असा, की भात शिजायला अजून वेळ आहे म्हणून सांगावं. "दमेल ती. थांबा जरा."

आणि ती दमली. एक मोठा झोका, मग त्याहून लहान, मग नुसती थरथर. आरशात ट्रॅक्टर आला आणि तिथेच राहिला. गाडी आपसूक संथ होत गेली, आणि अगदी शेवटी हेमालीने ब्रेकवर पाय टेकवला.

इंजिन बंद झालं. खारीवरून टिटवीचा आवाज आला. सखुबाईला आपले हात दांडीवरून सोडवावे लागले. बोटं उघडत नव्हती.

आयुष्यात तिने एवढे स्थिर हात एकाच माणसाचे बघितले होते. आषाढ तोंडावर आला असताना खाडीच्या मुखाशी सुकाणू धरून बसलेल्या दिनानाथचे. तेव्हाही ती अशीच शेजारी होती आणि तेव्हाही तिला देवळात आल्यासारखं वाटलं होतं. मोठ्याने बोलू नये असं वाटलं होतं. ती हेमालीकडे बघत राहिली. गालावर ग्रीसचा फराटा असलेली, कालपरवापर्यंत चुलीपुढे भाकरी करपवणारी, थळच्या लॉरीवाल्याची पोर. ही कधी अशी झाली? एका घरात राहून, एका ताटातलं मीठ खाऊन आपल्याला कळलं कसं नाही?

ती उतरली. पदर कंबरेला घट्ट खोचला. हेमालीही उतरली, पण जवळ आली नाही. साखळ्या बघत दुसऱ्या अंगाला उभी राहिली.

सखुबाई ट्रॉलीभोवती फिरली. शेपटावर हात टेकून किंचित खाली दाबलं. पुढे पिकअपचा मागचा भाग लगेच वर उचलला गेला. तिने हात काढला, पुन्हा दाबलं. पिकअप जिथे ट्रॉलीला धरून होती तो हूक तिने वाकून बघितला. मग सरळ उभी राहून बांधापलीकडच्या पाण्याकडे बघत राहिली. पाण्यावर एक होडी चालली होती, मागून वारा घेऊन.

"मचव्याला वारा पाठीतनं रेटतो," ती म्हणाली. हेमालीला नव्हे, पाण्याला म्हणावं तसं. "हिला नाकानं वढतात."

हेमालीने मान हलवली.

"नाकानं वढायचं तर नाकावर भार पायजे. नायतर शेपूट आपल्या मनाचं करील."

"हो."

"मंग ट्रॅक्टर उलटा चढव."

हेमालीने चमकून बघितलं.

"काय बघतंस? तोंड मागं कर त्याचं. मागचा रोटर जड हाय ना, तो पुढं येईल. तेवढ्यावर घरी तरी पोचू."

हेमालीच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते हसू नव्हतं. एकटीलाच दिसतंय असं वाटलेलं दुसऱ्या कुणालातरी दिसलंय, हे कळल्यावर होतं तसं काहीतरी होतं.

तिने साखळ्या सोडल्या, फळ्या लावल्या, ट्रॅक्टर खाली घेतला. रुंद डांबरावर त्याला वळवलं. मग मान मागे वळवून, एक हात स्टीअरिंगवर आणि एक मडगार्डवर ठेवून, ती त्याला उलटा फळ्यांवर चढवू लागली. फळ्या वीतभर रुंद. सखुबाई बाजूला उभी राहून बघत होती. तिच्या तोंडून आपोआप निघालं, "येऊ दे... येऊ दे... जरा तुझ्याकडं... बास." आणि ट्रॅक्टर थांबला, तिने बास म्हटलं तिथे, एका बोटाचाही फरक न पडता. किती वर्षांनी तिच्या बास म्हणण्यावर काहीतरी थांबलं होतं.

रोटर आता पिकअपच्या पाठीला लागतो का काय इतका जवळ होता. पिकअपचा मागचा भाग जरासा दबला होता.

"वळणावर लागेल हा," हेमाली म्हणाली. "आता पुरतं ठीक आहे. रोज नाही चालणार."

"ते मनाही दिसतंय."

येताना त्या हळूच आल्या. सखुबाई सगळा वेळ आरशात बघत होती. ट्रॅक्टर आरशात होता आणि जागचा हलत नव्हता. तोच रस्ता, तीच ट्रॉली, तोच बोजा; हातभर इकडचा तिकडे झाला तर एवढा फरक. मचव्यात तिने हेच वर्षानुवर्षं केलं होतं, तरी आज ते पहिल्यांदा बघितल्यासारखं वाटत होतं.

रस्ता संपत आला तेव्हा सखुबाईच्या ध्यानात आलं की हायवे वर्कशॉपच्या दारातून जात होता, पोयनाडचा फाटाही जवळच होता. ते सगळं सोडून हेमाली एवढ्या आत आली होती. जिथे रस्ता शेताएवढा रुंद होता, समोरून कुणी यायचं नव्हतं. आणि जिथे बघायलाही कुणी नव्हतं. आधी चालीने, मग थोडी, मग आणखी थोडी. एकेक पाटी टाकत पाण्याची रेघ बघावी तशी.

सखुबाई खिडकीबाहेर बघत राहिली.

वर्कशॉपमध्ये सगळ्यांनी काम थांबवलं. ट्रॅक्टर उलटा आलेला बघून रंगवाल्याने ब्रश खाली ठेवला. केतन हात पुसत पुढे आला. त्याची नजर हेमालीवर गेली आणि तिथून लगेच सखुबाईवर.

"काय झालं काकी? कशी वाटली ट्रायल?"

सखुबाई उतरत होती. पायरीवर एक पाय, एक पाय जमिनीवर. ती काही म्हणायच्या आत हेमाली बोलली.

"चांगली होती. पण आईंना ती लांबवाली बरी वाटते. त्यांचं म्हणणं, नाकाने ओढायचं असेल तर नाकावर भार पाहिजे. हिच्यात तो देता येत नाही."

"अरे वा, काकी!" केतन म्हणाला, आणि त्याच्या तोंडावरची काळजी उतरलेली स्पष्ट दिसली. "मी तेच सांगत होतो ना! बरोब्बर पकडलं तुम्ही. एक नंबर!"

वेल्डिंगवाल्यांनी माना डोलावल्या. पंक्चरवाला रिक्षावालाही, ज्याला यातलं काही कळत नव्हतं, कौतुकाने बघू लागला. सगळे सखुबाईकडे बघत होते. असं माणसांनी बघावं म्हणून तर ती सकाळी आली होती.

ती दुसरा पायही खाली ठेवून सरळ उभी राहिली. तिने हेमालीकडे बघितलं. हेमाली खाली वाकून हूक सोडवत होती आणि वर बघत नव्हती.

"केतन," सखुबाई म्हणाली, "त्या लांब म्हशीला जोड. रंग नंतर दे. आनि हेमाली, हात पूस आनि दिवेआगरच्या तात्यांना फोन लाव. म्हसळ्याच्या मानसाला सांगू नका म्हनावं, आमची येते."

हेमालीचे हात हुकावर थांबले. ती उठली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते तिने ग्रीसच्या हाताने पुसलं, त्यामुळे दुसऱ्या गालावरही फराटा आला. केतन आणि त्याची माणसं लांब ट्रॉली ढकलत पुढे आणू लागली; चाकांचा घरघर आवाज सुरू झाला. तेवढ्या गोंगाटात सखुबाई सुनेच्या अगदी जवळ गेली. आवाज मात्र तिने खाली आणला नाही. तो तिला कधी आणताच आला नव्हता.

"लबाड हायस तू," ती म्हणाली. "रिकाम्या रस्त्याला नेऊन मना दाखवलंस, आनि इथं येऊन माझंच नाव पुढं केलंस. उतारावर ट्रॉली पलटली आसती तर सासूची अब्रू ऱ्हायली आसती, सासू गेली आसती. यापुढं मी चुकते आसं दिसलं तर तिथल्या तिथं तोंडावर बोलायचं. चारचौघांत बोल. मी ऐकनार नाय, भांडेन, शिव्या घालीन. तरी बोल."